मासा सोडला, की फोटो काढून सोडला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डोंगरातल्या लहान ओढ्यावरच्या ट्राउट मासेमारीबद्दल अर्ध्या पानाचा लेख आला आणि त्याच्या डोक्यावर लेखाहून मोठा फोटो. लेखाबद्दल माझे म्हणणे थोडके आहे, फोटोबद्दल मात्र बरेच आहे. पत्र लांबेल याची कल्पना आहे. कापायचे झाले तर लेखाबद्दलचे कापा, फोटोबद्दलचे ठेवा.

फोटोत एक गडी खुशीत हसतो आहे. हातात कोरडे लोकरी मोजे. त्या मोज्यांत मासा छातीशी आवळलेला, उजव्या हाताची दोन बोटे कल्ल्यात अडकवलेली, माशाचा जबडा वासलेला. ओढा पाठीमागे, चांगला आठ-दहा पावले दूर. आणि खाली ओळ : ‘पकडला, फोटो काढला आणि सोडूनही दिला!’ शेवटी उद्गारचिन्ह.

त्या उद्गारचिन्हामुळे मी लिहायला बसलो.

मी या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. माझी ३८ वर्षे घड्याळे दुरुस्त करण्यात गेली. एका गिऱ्हाइकाने एकदा घड्याळाबरोबर काडेपेटीही पुढे सरकवली. आत कापसावर एक माशी ठेवलेली. खरी नव्हे, गळावर दोरा आणि पिसे गुंडाळून केलेली, करंगळीच्या नखावर मावेल एवढी. तिचा दोरा सुटला होता. ‘तुमच्याकडे चिमटे आहेत, डोळ्याला लावायचे भिंग आहे, बघा जमले तर,’ म्हणाला. घड्याळ अर्ध्या तासात झाले, माशीने दोन संध्याकाळी खाल्ल्या. कोंबड्याच्या मानेचे एक पीस गळाभोवती असे गुंडाळायचे, की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहावेत आणि त्या तंतूंच्या टोकांवर माशी पाण्यावर तरंगावी. केसासारखी स्प्रिंग हाताळणाऱ्या माणसाला त्याची चटक लागली नसती तरच नवल. मासे पकडायला मी निघालो तो असा, माशीच्या नादाने, वयाच्या ५४व्या वर्षी.

ही कला जुनी आहे. रोमन काळातल्या एका लेखकाने, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वी, मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे बांधून ठिपकेवाले मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. सामान आजही फारसे बदललेले नाही. माझ्या माश्यांच्या डबीत सर्वांत जास्त संख्या ‘अ‍ॅडम्स’ची असते. १९२२ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात लेन हॅलाडे यांनी ती पहिल्यांदा बांधली आणि ज्या मित्राने ती पाण्यावर चालवून पाहिली त्याचे नाव तिला दिले. करड्या रंगाची, कुठल्याच एका किड्यासारखी नेमकी न दिसणारी आणि म्हणूनच बहुधा सगळ्यांसारखी दिसणारी.

आता लेखाकडे. लेखक म्हणतात, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पंधरा-वीस मीटर दोरी हवेत डौलाने खेळवायची, हेच फ्लाय फिशिंग (म्हणजे अशा बांधलेल्या माशीने केलेली मासेमारी). मोठ्या नदीवर असेल. लहान ओढ्यावर असे केलेत तर दोरी झाडाला आणि मासे गुल. मी जातो तो ओढा बऱ्याच ठिकाणी उडी मारून ओलांडता येतो (मी मारत नाही, गुडघे मारू देत नाहीत). त्याचे नाव मी लिहिणार नाही. लहान ओढ्याचे नाव छापून आले की त्याचे काय होते, हे आपणा पत्रकारांना मी काय सांगावे.

एक गोष्ट लेखात बरोबर आहे : माशीला वजन नसते, वजन असते ते दोरीला. साध्या गळाला शिसे किंवा आमिष ओढून नेते. येथे फेकायची ती दोरी, माशी मागोमाग येते. पण लहान ओढ्यावर तेही फारसे उपयोगाचे नाही. बहुतेक वेळा काठीच्या टोकाबाहेर दोन-तीन हात दोरी आणि पुढे केसाएवढा बारीक तंगूस, एवढ्यावरच काम. फांद्या अगदी डोक्यावर आल्या असतील तर माशीच्या गळाची पाठ चिमटीत धरायची, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायचे. बघणाऱ्याला यात डौल मुळीच दिसत नाही. उलट एक म्हातारा माणूस धोंड्यामागे रांगताना दिसतो, काहीतरी हरवल्यासारखा.

रांगायचे कारण आहे. पाण्यातून मासा वर बघतो तेव्हा बाहेरचे सगळे जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे दृश्य सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आवळले जाते. मासा फूटभर खोल असेल तर ही खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा, तळ दाखवणारा. पण त्या खिडकीच्या काठाशी उभा माणूस मात्र दिसतो. जो अगदी खाली वाकला, तो काठाच्या चिंचोळ्या पट्टीत दडपला जातो आणि जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, वरून वाहत येणाऱ्या घासाची वाट बघत. म्हणून आपण खालून वर चढायचे, त्याच्या शेपटीकडून. मला हे शिकवणारे गृहस्थ आता नाहीत. त्यांचा एकच नियम होता : पाण्याजवळ पोहोचलास की आधी पाच मिनिटे बस. पहिल्या वर्षी मला तो वेळेचा अपव्यय वाटे. घड्याळजी असून.

त्या पाच मिनिटांत काय दिसते? एखादा दगड उलटा करून पाहावा. खाली चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या अळ्या पळतात, त्या मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याच्या. वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेली बारीक नळकांडी दिसतात, ती कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याच्या अळ्यांची घरे. मेफ्लायच्या अनेक जाती पाण्यात वर्षभर काढतात आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर दोन-तीन दिवस जगतात. त्या तेवढ्या वेळातही ही बाई एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा किडा दुसरा नाही. मी एकदा ते भिंगातून पाहिले आहे. मळकट, धुरकट पंखांच्या कवचातून तोच किडा पुन्हा बाहेर आला, या वेळी पंख काचेसारखे. घड्याळाची काच बदलल्यावर तबकडी जशी लख्ख होते, अगदी तसे.

हे मी लांबण लावतो आहे, कारण लेखात ‘निवांत बसून करायचा छंद’ असे म्हटले आहे. निवांत काही नसते. माशी पाण्यावर पडली, की तिने तिथल्या पाण्याच्याच गतीने वाहिले पाहिजे. मध्ये वेगाची धार, पलीकडे संथ डबके. धारेने दोरी ओढली की माशीच्या मागे पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि संपले, मासा तोंड फिरवतो. म्हणून काठी उंच धरून दोरी पाण्याला लागूच द्यायची नाही. माशी जिथे नीट वाहते तो वेळ दोन सेकंद, कधी तीन. डोंगरी ओढ्यात खाणे कमी आणि पाणी वेगाचे, तेव्हा माशालाही निरखत बसायला सवड नसते. तो त्या दोन सेकंदांत ठरवतो. आपण मनगट उचलायचे तेही त्यातच. मी निम्मे तरी चुकतो.

आता फोटो.

मी ओढ्यावर जायला लागलो त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात माझा पुतण्या हौसेने बरोबर आला होता. दुपारची वेळ, ऊन चढलेले, पाणी रोडावलेले. एका कातळाखालच्या डोहात मला अकरा इंची ब्राउन ट्राउट लागला. त्या ओढ्यात सहा-सात इंचांचा मासाही साजरा करतात, अकरा म्हणजे राजाच. मी त्याला बराच वेळ खेळवला, कारण बारीक तंगूस तुटेल अशी भीती. मग गळ सोडवला आणि मासा हातात घेऊन उभा राहिलो. ‘काका, जरा वर धरा. उन्हाकडे फिरा. अजून एक, डोळे मिटले तुमचे.’ माशाचे डोळे उघडेच होते, त्याला पापण्या नसतात. तीन फोटो झाले. मासा पाण्यात सोडला, तो निघून गेला आणि मी धन्य झालो.

अर्ध्या तासाने आम्ही त्याच वाटेने खाली उतरत होतो. डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी दगडांमधून पुढे सांडते, तिथे दोन धोंड्यांत काहीतरी पांढरे अडकले होते. पोट वर. माझाच मासा होता. ओठाच्या कोपऱ्यात गळाचे भोक होते आणि पाठीवर माझ्या अंगठ्याचा ठसा. ठसा म्हणजे अक्षरशः ठसा : कोरड्या बोटाने पुसला गेलेला बुळबुळीत थर, आणि तिथला निस्तेज रंग. तो थर म्हणजे माशाचे चिलखत असते. बुरशी आणि रोगजंतू त्यामुळे बाहेर राहतात. हात ओले करायचे ते याचसाठी. लोकरी मोजे तर पॉलिशच्या कापडासारखे काम करतात.

रात्री फोटो बघताना मी त्यांची वेळ पाहिली. सवयच ती. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोत ५२ सेकंदांचे अंतर होते. पहिल्याच्या आधी किती गेले आणि तिसऱ्यानंतर किती, ते धरलेले नाही.

५२ सेकंद म्हणजे काय, हे मला सांगायला नको. तासाला १८,००० ठोके देणारे जुने चावीचे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते. २६० ठोके. पळून पळून दमलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबून तेवढे ठोके मोजा. माशाच्या कल्ल्यांतल्या मऊ झालरी पाण्यात उलगडलेल्या असतात. हवेत आल्या की ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांतून प्राणवायू घेणे जवळजवळ थांबते. आणि हे नेमके केव्हा? तो जीव खाऊन झुंजला आणि स्नायूंत आम्ल साठले, त्या क्षणी.

नंतर मला कळले की हे कोणी मोजलेही आहे. १९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी प्रयोगशाळेत रेनबो ट्राउट थकेपर्यंत पळवले. त्यातले काही तसेच पाण्यात ठेवले, काही ३० सेकंद हवेत धरले, काही ६० सेकंद. बारा तासांनी बघितले तर नुसते पळवलेल्यांपैकी १२ टक्के मेले होते, ३० सेकंद हवेत राहिलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंदवाल्यांपैकी ७२ टक्के. टाकीतले थोडे मासे होते, ओढ्यावरचे आकडे वेगळे येतील, हे मान्य. पण ते सारेही सोडलेलेच होते. सोडताना पोहत गेला म्हणजे जगला, असे नव्हे. माझाही पोहत गेला होता.

त्यात पाणी कोमट असेल तर विचारूच नका. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात ९च्या आसपास. आणि पाणी तापले की माशाला लागतो मात्र जास्त. ट्राउट हा थंड पाण्याचा जीव, १०-१५ अंशांत सुखी. त्या दिवशी मी पाणी मोजले नव्हते. पुढच्या वर्षी तशाच दुपारी त्याच डोहात काचेचा थर्मामीटर सोडला, पारा २१वर गेला. आता तो दोरा बांधून खिशातच असतो. पाणी १९च्या वर असले, की काठी पिशवीतून बाहेर निघत नाही. पुतण्या म्हणतो, एवढे चालत येऊन परत जायचे? हो, परत जायचे. पहाटे यायला कोणी बंदी केलेली नाही.

घरी सौ.ने यावर एकच प्रश्न विचारला : ‘मग पकडताच कशाला त्याला?’ याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मला ती दोन सेकंदे हवी असतात, हे खरे. पण ते माशाच्या बाजूने उत्तर होत नाही.

आणि ट्राउट काही प्रत्येक ठिकाणी गरीब बिचारा नसतो. १८६४ साली त्याची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून इंग्लंडहून जहाजाने टास्मानियाला नेली. तिथून पुढे न्यूझीलंडला. ज्या ओढ्यांत तो नव्हता तिथे त्याने मूळच्या लहान माशांचा फडशा पाडला. जगातल्या सर्वांत वाईट शंभर परक्या घुसखोर जातींची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली, तिच्यात ब्राउन आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. तेव्हा जिथे नियम मारायला सांगतो, तिथे मारा; एका फटक्यात, डोक्यावर, लगेच. मला त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती साठ सेकंद हवेत धरून मारायचे आणि वर ‘सोडूनही दिला’ असे छापायचे, त्याची.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण नुसती नावे ठेवणारी पत्रे मलाही आवडत नाहीत. माशी बांधण्याआधी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. असा गळ अर्ध्या वळणात निघतो. याने काही मासे निसटतात. निसटू देत, सोडायचेच तर आहेत. काठी हलकी असली तरी मासा खेळवत बसत नाही. परवाच्याच पहाटेचे घ्या. पाणी ११ अंश. परातीएवढ्या एका डबक्यात, फेसाच्या रेघेवर तिसऱ्या फेकीला माशी नाहीशी झाली. उसळी नाही, आवाज नाही, पाण्यानेच गिळल्यासारखी. सात इंची असेल. गुडघ्यावर बसलो होतोच, डावा हात पाण्यात बुडवला आणि मासा त्या हातावर आपसूक आला. हात त्याच्या पोटाखाली, सगळा मासा पाण्याखाली, कल्ले चालू. अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे, कुंचल्याच्या एकाच केसाने काढल्यासारखे. उजव्या हाताने चिमटा लावून गळ फिरवला. तोंड प्रवाहाकडे केले. क्षणभर तो तळहातावर तसाच उभा राहिला आणि मग नव्हता. हवेत गेलेला वेळ शून्य सेकंद.

लेखकांनी लिहिले आहे की शरद ऋतूत ओढे सर्वांत सुंदर दिसतात, तेव्हा पाण्यातून चालत जावे. सुंदर दिसतात हे खरे. पण ब्राउन ट्राउटची मादी तेव्हाच शेपटीने बारीक खडी उकरून त्यात अंडी घालते. तळाशी स्वच्छ धुतलेल्यासारखा खडीचा फिकट चट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नये. आत पुढच्या वर्षीचा ओढा असतो. यावर लेखात एक वाक्य चालले असते.

माझी विनंती एवढीच, की असा फोटो पुन्हा छापायचा झाल्यास त्याखालचे ‘सोडूनही दिला’ काढून टाकावे, किंवा फोटो काढणाऱ्याला किती सेकंद लागले ते विचारून छापावे. आणि माशाचाच फोटो हवा असेल तर पाण्यातल्या माशाचा छापावा. परवाच्या त्या सात इंचीचा माझ्याकडे एक आहे. पुतण्यानेच काढला, पण बटण दाबायला त्याला उशीर झाला. त्यात माझा ओला तळहात आहे, मनगटावरचे घड्याळ आहे, सहा वाजून चाळीस मिनिटे झालेली आहेत आणि हाताच्या पुढे थोडे गढुळलेले पाणी. हवा असल्यास पाठवतो.

आपला,
एक निवृत्त घड्याळजी